नववा प्रश्न

चौगुले सरांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागणार, हे आमच्या मशीननं सोमवारी सकाळी सव्वादहाला सांगितलं. त्यात माझा हात किती होता, हे मला मंगळवारी दुपारी कळलं.

मशीन काही ठरवत नाही, ते फक्त रिपोर्ट देतं, असं ते बनवणारे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. २०४४ साल चालू आहे आणि मिरजेतल्या एकाही सर्जनची त्या रिपोर्टाबाहेर पाऊल टाकायची हिंमत नाही. मशीनचं नाव वाचक. दिसायला फ्रिजएवढा पांढरा डबा. जखमेतला पू आत घातला की चार तासांत जंतू कोणता, त्याच्यावर कुठलं औषध चालेल आणि ते चालावं म्हणून आधी कुठली पट्टी टोचायची (जखमेवरची नव्हे, इंजेक्शनातली; ती पुढे सांगते), हे सगळं छापून देतो. सरांच्या रिपोर्टावर शेवटची ओळ होती : ‘कडी कायमची उघडी. पट्टी लागू नाही.’ बाकीची औषधं त्या जंतूनं आधीच पचवली होती. म्हणजे उरली फक्त करवत.

मी स्नेहल ऐवळे, या हॉस्पिटलच्या जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मुख्य टेक्निशियन. वय बावन्न, जीभ फटकळ. ती जीभ मला ज्यांच्याकडून मिळाली ते भूपाल चौगुले सर. एकतीस वर्षं त्यांनी याच प्रयोगशाळेत आमच्यासारख्यांना घडवलं. सांगली-कोल्हापूरकडे जिथे कुठे लॅब असेल तिथे त्यांच्या हाताखालचं एक तरी माणूस सापडतंच. सरांचा सगळ्यात मोठा राग तपासणी न करता अँटिबायोटिक खाणाऱ्यावर. एकदा स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी लग्नाच्या पंगतीत उभं करून झापलं होतं, कारण त्यानं सर्दीवर दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. मेव्हणा जिलबी ताटात तशीच टाकून उठला. सरांच्या पत्नी शांताकाकूंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला, पण सरांचं म्हणणं तसूभर हललं नाही.

आता सर एकोणऐंशीचे. शांताकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा ऑस्ट्रेलियात, घरात एकटे. साखरेचा आजार जुना. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अनवाणी प्रदक्षिणा घालताना उन्हानं तापलेल्या फरशीवर तळव्याला फोड आला. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. शनिवारी रिक्षानं एकटेच आले तेव्हा दोन बोटं काळी पडली होती आणि लाली घोट्याकडे चढत होती.

“काय गं ऐवळे, लॅब चालू ठेवलीस का त्या डब्याच्या ताब्यात देऊन टाकलीस?” खाटेवर बसता बसता त्यांनी विचारलं.

मी त्यांचं सॅम्पल स्वतः घेतलं. फॉर्मही स्वतःच भरला. त्या फॉर्मात नऊ प्रश्न असतात. नाव, वय, साखर, जखम कधीची, असं करत नववा प्रश्न : ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठलंही अँटिबायोटिक घेतलं का? कोणतं? किती?’

हा प्रश्न मी सरांना विचारला नाही. चौगुले सरांना हे विचारायचं म्हणजे भटजींना आंघोळ केली का म्हणून विचारण्यासारखं. मी ‘नाही’वर खूण केली आणि फॉर्म मशीनला दिला. मशीनपुढे शनिवार-रविवारची रांग होती, रिपोर्ट यायला सोमवार उजाडला.

*

आता कडी म्हणजे काय ते सांगते. सरांनी मला हे फळ्यावर शिकवलं होतं, तेव्हा पट्टीचा शोध लागायचा होता.

अँटिबायोटिकला हरवायची कला काही जंतूंकडे असते, पण ते ती सारखी वापरत नाहीत. जंतूच्या पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. इरिथ्रोमायसिनच्या जातीची औषधं या यंत्रांना चिकटून ती बंद पाडतात. त्यावर जंतूचा उपाय असा, की रायबोसोमवर एक लहानशी रासायनिक खूण करून ठेवायची, म्हणजे औषधाला चिकटायला जागाच राहत नाही. पण ही खूण केल्यानं यंत्राचं स्वतःचं कामही थोडं बिघडतं. म्हणून जंतू हा उपाय कडीकुलपात ठेवतो. औषध आलं तरच काढतो.

ही कडी आरएनएची असते. खूण करणाऱ्या जनुकाचा निरोप आरएनएच्या लांब धाग्यावरून जातो. त्या धाग्याचं सुरुवातीचं टोक स्वतःवरच दुमडून बसलेलं असतं, आणि जिथून निरोप वाचायला सुरुवात करायची नेमकी तीच जागा त्या घडीत झाकली जाते. जागा झाकलेली, म्हणून उपाय बंद. आता औषधाचा थोडासा अंश आत आला, की धाग्याच्या टोकावर वाचत चाललेला एखादा रायबोसोम मध्येच अडकतो. तो तिथे अडकून बसल्यानं घडी दुसऱ्याच तऱ्हेनं पडते, झाकलेली जागा उघडी होते आणि जंतू भराभर आपला बचाव तयार करतो. गंमत ही, की औषध भरपूर असेल तर सगळेच रायबोसोम बंद पडतात, मग बचाव तयार करणार कोण? कडी उघडते ती थोड्या औषधानं. अर्धवट डोस म्हणजे जंतूला आगाऊ वर्दी.

पट्टी म्हणजे याच धाग्याला जुळणारा, माणसानं बनवलेला छोटा तुकडा. तो बंद घडीवर जाऊन बसतो आणि तिला उघडू देत नाही. मग चार तासांनी क्लिंडामायसिन द्यायचं. हे त्याच इरिथ्रोमायसिनच्या गोतावळ्यातलं औषध, आणि त्याच कडीमागच्या उपायानं हरणारं. बचाव बंद असलेला जंतू त्यानं मरतो. गेली सहा वर्षं या युक्तीवर आपण हजारो हातपाय वाचवतो आहोत आणि मला तिचा अभिमान आहे. अट एकच. पट्टी टोचताना घडी बंद हवी. एकदा ती उघडून दुसरीकडे वळली, की पट्टीला बसायला जागा उरत नाही.

काही जंतूंची कडी मोडलेलीच असते. ती कायमची उघडी, तिथे पट्टीचा उपयोग शून्य. वाचक हे कसं ओळखतो? पुवातल्या जंतूंची घडी उघडी दिसली की तो नववा प्रश्न बघतो. उत्तर ‘हो’ असेल तर म्हणतो, औषध शरीरातून जाऊ द्या, मग पुन्हा तपासा. उत्तर ‘नाही’ असेल तर म्हणतो, कडी मोडकी आहे.

*

आता मशीन आल्यावर जंतू प्लेटवर वाढवायची गरज उरलेली नाही. तरी मी वाढवते. पोरं हसतात, हसू देत. सरांचा जंतूही मी शनिवारी साध्या प्लेटवर वाढवला आणि सोमवारी त्याची जुनी परीक्षा लावली. एका प्लेटवर जंतू पसरायचा आणि त्यावर दोन औषधांच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवायच्या, इरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन. कडी मोडकी असेल तर जंतू दोन्ही चकत्यांना बिलगून वाढतो.

मंगळवारी बारा वाजता प्लेट काढली आणि दिव्याखाली धरली. क्लिंडामायसिनच्या चकतीभोवती चांगला मोठा गोल मोकळा होता, तिथे जंतू मेले होते. फक्त इरिथ्रोमायसिनच्या बाजूनं तो गोल सपाट झाला होता, भाकरीचा एक काठ मोडावा तसा. इंग्रजी डी अक्षर. याचा अर्थ आमच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतसुद्धा सांगता येईल. कडी धडधाकट आहे. ती बंद असते आणि इरिथ्रोमायसिन जवळ आलं तरच उघडते.

मी प्लेटवरचाच जंतू वाचकात घातला. चार तासांनी कागद आला : घडी बंद.

जंतू तोच, मशीन तेच. प्लेटवर बंद, सरांच्या पायात उघडी. म्हणजे सरांच्या पायात औषध होतं. आणि माझ्या फॉर्मवर, माझ्या अक्षरात, ‘नाही’ होतं.

डॉक्टर सानिया मुजावर आमच्या सर्जन. वय छत्तीस, हात पक्का, बोलणं मोजकं. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि खूण मी न विचारता केली तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“मॅडम, उद्या सकाळी नऊला ऑपरेशन आहे,” त्या म्हणाल्या. “लाली घोट्याच्या वर आलीय. मी थांबू शकते, पण किती? त्यांनी इरिथ्रो घेतलं असेल तर एका दिवसात शरीरातून जाईल, तेवढं मी थांबते. अझिथ्रो घेतलं असेल तर?”

अझिथ्रोमायसिन त्याच जातीचं, पण ते मांसात मुरून आठवडाभर बसतं. तेवढे दिवस थांबलं तर पाय राहू दे, सर राहणार नाहीत.

“रक्तात बघता येईल का?” मी विचारलं.

“पुण्याला पाठवावं लागेल, दोन दिवस जातील. शिवाय ते रक्तात नसतंच, मांसात असतं. तुम्ही त्यांनाच विचारा. गोळी कोणती, शेवटची कधी. मी विचारलं होतं, मला ‘काही नाही’ म्हणाले. तुम्हाला सांगतील.”

मला सांगतील! जिला त्यांनी चार ओळींचा रिपोर्ट चुकला म्हणून तीनदा घरी परत पाठवलं होतं, तिला.

*

सर उशीला टेकून पेपर वाचत होते. खिडकीतून चार-साडेचारचं ऊन येत होतं. मी काही न बोलता प्लेट त्यांच्या हातात दिली. वर नाव नव्हतं, नुसता नंबर.

त्यांनी ती खिडकीकडे धरली, थोडी तिरकी केली, जशी आम्हाला करायला लावायचे. चेहरा एकदम तीस वर्षांनी तरुण झाला.

“फक्कड! कडी शाबूत आहे. पट्टी द्या, क्लिंडा द्या, घरी पाठवा. कुणाचा पेशंट?”

“तुमचा, सर.”

प्लेट खाली आली. पेपरची घडी घालायला त्यांनी फार वेळ लावला.

“मशीन चुकलं असंल,” ते म्हणाले. “तो डबा काय देव आहे?”

“मशीन चुकलं नाही. आजच पुन्हा लावलं. पायातलं उघडं, प्लेटवरचं बंद. सर, तुम्ही काही घेतलं होतं का?”

“मला विचारतीस?” आवाज असा चढला, की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. “एकतीस वर्षं काय शिकवलं मी इथं? ऐवळे, पाय माझा आहे. काढा म्हणून सही केलीय. जा आता.”

खरं सांगते, मी उठले. दारापर्यंत गेलेसुद्धा. मनात म्हटलं, माणसाला स्वतःच्या पायापेक्षा मान मोठा वाटत असेल तर आपण कोण? आणि मग माझाच मला राग आला. शनिवारीही मी मानच सांभाळला होता, आणि त्या मानापायीच ही वेळ आली होती. मी प्रयोगशाळेतून शनिवारचा फॉर्म आणला, शिवाय एक कोरा फॉर्म घेतला, आणि खुर्ची ओढून बसले.

“हे बघा, सर. हे माझं अक्षर. नवव्या प्रश्नावर मी ‘नाही’ लिहिलंय. तुम्हाला न विचारता. तुमच्या वेळी कुणी असं केलं असतं तर?”

त्यांनी फॉर्म पाहिला.

“हाकलून दिलं असतं,” ते म्हणाले.

“मग मला हाकला. पण आधी मला फॉर्म नीट भरू द्या. पेशंट आपला बाप असला तरी नऊच्या नऊ विचारायचे, हे तुमचंच वाक्य. नाव?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पेन उघडून थांबले. पेशंट गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

“भूपाल अण्णा चौगुले,” शेवटी उत्तर आलं.

“वय?”

“एकोणऐंशी.”

“साखर किती वर्षांची?”

“बावीस.”

मी एकही प्रश्न गाळला नाही. जखम कशी झाली, कधी झाली, तिच्यावर काय लावलं. हळद लावली होती. पाचव्या प्रश्नाला आवाजातला ताठा गेला. सातव्याला ते खिडकीबाहेर बघायला लागले. आठव्या प्रश्नाला, म्हणजे घरी काळजी घेणारं कोण, त्यांनी नुसती मान हलवली, आणि मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं. महिना महिना मी त्यांच्या घराकडे फिरकले नव्हते.

“नववा. गेल्या पंधरा दिवसांत कुठलंही अँटिबायोटिक घेतलं का? कोणतं? किती?”

सरांनी उशाखालून चष्म्याचं घर काढलं. चष्मा तर त्यांच्या नाकावर होता. घर उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. आत गोळ्यांचं जुनं, चुरगळलेलं पाकीट आणि ब्लेडनं कापलेल्या तीन अर्ध्या गोळ्या.

“शांताच्या आहेत,” ते म्हणाले. “तिला दाताला दिल्या होत्या. पेनिसिलिन चालत नव्हतं तिला. तिचा औषधाचा डबा मी काही टाकला नाही. पाय लाल झाला तेव्हा वाटलं, हॉस्पिटलात गेलो तर ऐवळे बघंल, सगळी बघतील, चौगुले सरांनी पाय कुजवून घेतला. म्हटलं, अर्धी अर्धी घेऊन बघू. अर्धी गोळी म्हणजे काय औषध घेतल्यासारखं वाटत नव्हतं गं.” त्यांनी घर माझ्या हातात दिलं. “जन्मभर लोकांना शिव्या घातल्या याच्यासाठी. डब्यानं सांगितलं कायमची उघडी, तेव्हा सुटलो. म्हटलं, गोळीचा दोष नाही, पाय गेला तरी गोष्ट झाकली जाईल.”

मी पाकीट उजेडात धरलं. अक्षरं पुसट झाली होती.

इरिथ्रोमायसिन.

“शेवटची कधी, सर?”

“आज सकाळी सातला. अर्धी. पाय जायचाच होता, तरी सवयीनं घेतली.”

मी ते लिहून घेतलं. ‘अर्धी’ हा शब्द ठळक लिहिला. मग फॉर्म हातात घेऊन बावन्नाव्या वर्षी दोन मजले पळत उतरले.

*

मुजावर मॅडमनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “उद्या दुपारपर्यंत,” त्या म्हणाल्या. “ताप एकशे तीनवर गेला तर मी थांबणार नाही, आधीच सांगते.”

बुधवारी सकाळी नऊला ताप एकशे दोन होता. अकराला एकशे दोनच्या वर दोन रेघा. बाराला नवं सॅम्पल घेतलं. वाचकापुढे चार तास बसून राहणं हे काही शहाण्या माणसाचं काम नाही, तरी मी बसले. मॅडम दर अर्ध्या तासाला येऊन पाय बघून जात होत्या, आणि त्यांनी लालीच्या कडेला पेनानं काढलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी कागद आला.

घडी बंद.

साडेचारला पट्टी टोचली, साडेआठला क्लिंडामायसिन सुरू केलं. शुक्रवारी सकाळी लाली पेनाच्या रेघेच्या आत आली. दोन काळी बोटं काढावी लागली, ती वाचण्यासारखी नव्हतीच. पाय राहिला.

घरी जायच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्याकडून त्या प्रकरणाची नोंद लिहून घेतली. मी नेहमीसारखं ‘एक वयस्क रुग्ण’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं : ‘टेक्निशियननं विचारलं नाही, रुग्णानं सांगितलं नाही.’ सही केली आणि पेन माझ्यापुढे केलं. मीही सही केली. ती नोंद आता जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबमध्ये शिकवायला वापरतात. मशीनच्या फॉर्मात नवव्या प्रश्नापुढे दोन शब्द वाढले आहेत : ‘अर्धीसुद्धा सांगा’. सरांच्या मेव्हण्याला हे कुठून तरी कळलं, आणि तो जिलबीचा पुडा घेऊन घरी येऊन गेला, असं ऐकते.

काल सर तपासणीला आले. खास बनवलेला बूट, हातात काठी, पण चालणं पहिल्यासारखंच तरातरा. आता दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असते, त्यामुळे त्यांच्या घरात कुठे काय आहे ते मला तोंडपाठ आहे. तरीही फॉर्म काढला, खुर्ची ओढली आणि नावापासून सुरुवात केली. ते मुकाट्यानं उत्तरं देत गेले. आठव्या प्रश्नाला, घरी काळजी घेणारं कोण, ते म्हणाले, “लिही. ऐवळे.”

मी लिहिलं. मग पुढचा प्रश्न विचारायला मान वर केली.

त्याआधीच त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढून, उघडून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं होतं. आत चष्मा होता.